टीव्हीवर हवं ते अ‍ॅप सापडत नाहीये? फॅक्टरी रिसेट मारायच्या आधी या क्रमाने जा

अ‍ॅप दिसत नाही म्हटलं की लोक दोनपैकी एक काम करतात. एकतर टीव्ही थेट फॅक्टरी रिसेट, नाहीतर कुठल्यातरी साइटवरून एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची) फाइल उतरवून पेनड्राइव्हने आत घुसवायची. दोन्ही गोष्टी शेवटच्या टप्प्यातल्या आहेत आणि निम्म्या वेळा त्यांची गरजच पडत नाही. मग सगळे लॉगिन परत टाकत बसा, रिमोटने एकेक अक्षर शोधत पासवर्ड भरा, आणि एवढं करून अ‍ॅप नाहीच, कारण ते त्या टीव्हीसाठी कधी बनलेलंच नव्हतं.

अ‍ॅप न दिसण्याची कारणं मुळात चार. ते आहे पण समोर दिसत नाही. देशामुळे किंवा खात्यामुळे दडवलंय. तुमच्या सिस्टीमसाठी किंवा तेवढ्या जुन्या मॉडेलसाठी ते मिळतच नाही. नाहीतर तुमच्या डब्याला (टीव्हीला जोडायच्या बॉक्सला) ते चालवायची परवानगी नाही. आपलं कारण यातलं कुठलं हे आधी शोधायचं, मगच हात लावायचा.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

टीव्हीचा किंवा डब्याचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. "पंचावन्न इंची सॅमसंग" हा मॉडेल नंबर नव्हे. तो सेटिंग्जमध्ये अबाउट किंवा सपोर्टच्या पानावर असतो, टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरही असतो, आणि भिंतीला लावलेल्या टीव्हीच्या मागे डोकं घालण्यापेक्षा फोनचा कॅमेरा आत सरकवून फोटो काढलेला बरा.

टीव्हीवर ज्या खात्याने लॉगिन आहे त्याचा ईमेल आणि पासवर्ड हवा. हे खातं घरात नेमकं कोणाचं आहे हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं, टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने घाईत कोणाच्यातरी फोनवरून सेट करून दिलेला असतो. त्याच वायफायवर असलेला एक फोन, आणि त्या फोनचा हॉटस्पॉट चालू करता येईल एवढा डेटा. बस.

१. आधी सिस्टीम ओळखा, मग अ‍ॅप शोधा

"स्मार्ट टीव्ही" ही एक सिस्टीम नाही. सॅमसंगमध्ये टायझेन, एलजीत वेबओएस, हायसेन्सच्या बऱ्याच मॉडेलांत विडा, काही टीव्हींत रोकू, काहींत फायर टीव्ही, आणि बऱ्याच कंपन्यांच्या टीव्हींत अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही. गूगल टीव्ही हा २०२० साली आलेला अँड्रॉइड टीव्हीचाच नवा चेहरा, आतली सिस्टीम तीच, त्यामुळे अ‍ॅप्सही साधारण तीच चालतात. शिवाय साधी लिनक्स सिस्टीम असलेले स्वस्तातले टीव्ही असतात, त्यांत कारखान्यातून आलेली चार-पाच अ‍ॅप्स सोडली तर बाहेरचं काही टाकायची सोय बहुधा नसतेच. अशा टीव्हीवर स्टोअर शोधत वेळ घालवू नका, सरळ टप्पा ९ ला जा.

अ‍ॅप प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळं बनवावं लागतं. फोनवर आहे म्हणून टीव्हीवर असेल, शेजारच्यांच्या टीव्हीवर आहे म्हणून आपल्यावर असेल, असा हिशोब इथे चालत नाही.

दोन उपकरणांबद्दल कायम गोंधळ होतो. रिमोट नसलेलं जुनं क्रोमकास्ट, म्हणजे पहिल्या तीन पिढ्यांचं, त्यात अ‍ॅप टाकायची सोयच नाही, फोनवरून पाठवायचं आणि त्याने दाखवायचं एवढंच त्याचं काम. आणि अ‍ॅपल टीव्हीचा डबा तिसऱ्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल तर त्यात अ‍ॅप स्टोअर नाही, ते २०१५ च्या चौथ्या पिढीपासून आलं.

मॉडेलचं वर्षही इथेच काढून ठेवा, पुढे लागेल. सॅमसंगच्या साध्या ४के मॉडेलांत इंचाच्या आकड्यानंतर दोन अक्षरं असतात. केयू म्हणजे २०१६, एमयू २०१७, एनयू २०१८, आरयू २०१९, टीयू २०२०, एयू २०२१, बीयू २०२२, सीयू २०२३, डीयू २०२४. एलजीच्या तशाच मॉडेलांत यूके २०१८, यूएम २०१९, यूएन २०२०, यूपी २०२१, यूक्यू २०२२, यूआर २०२३, यूटी २०२४. खरेदीचं वर्ष धरू नका हं, सेलमध्ये घेतलेला टीव्ही बरेचदा दोन वर्षं जुना माल असतो.

*तपासणी: सिस्टीमचं नाव आणि मॉडेलचं वर्ष, दोन्ही कागदावर आलं का? नसेल तर पुढे जाऊ नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.*

२. खरंच नाहीये की दिसत नाहीये?

होम स्क्रीनवरची ओळ म्हणजे सगळी अ‍ॅप्स नव्हेत. गूगल टीव्हीत ओळीच्या टोकाला जाऊन सगळी अ‍ॅप्स दाखवणारं बटण दाबावं लागतं. सॅमसंगमध्ये अ‍ॅप उतरवलेलं असतं पण होमवर जोडलेलं नसतं, तिथे अ‍ॅप्सच्या पानात जाऊन ते होमवर टाकायचा वेगळा पर्याय आहे.

मग प्रोफाइल बघा. मुलांचं प्रोफाइल चालू असेल तर मोठ्यांची अ‍ॅप्स दिसणारच नाहीत, आणि यात स्टोअर बिघडलंय असंच वाटतं. मोठ्यांच्या प्रोफाइलवर या आणि परत शोधा.

शोधताना नावाचीही गंमत होते. या सेवा नावं बदलत असतात. एचबीओ मॅक्सचं २०२३ मध्ये नुसतं मॅक्स झालं आणि २०२५ मध्ये परत एचबीओ मॅक्स. जुन्या नावाने शोधलं की काहीतरी भलतंच समोर येतं. त्यामुळे आज त्या सेवेचं अधिकृत नाव काय आहे ते फोनवर बघा आणि तेच टाइप करा. आवाजाने शोधलंत तर बरेचदा अ‍ॅपऐवजी त्यातल्या मालिकाच पुढे येतात, म्हणून स्टोअरच्या आत जाऊन टाइप करूनच शोधा.

अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल तर सगळ्यात कामाची युक्ती ही: फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये प्ले स्टोअरची वेबसाइट उघडा, टीव्हीवर जे खातं आहे त्याच खात्याने लॉगिन करा, अ‍ॅपचं पान उघडा आणि इन्स्टॉल दाबा. तुमच्या उपकरणांची यादी समोर येईल. त्यात टीव्हीचं नाव निवडता आलं तर तिथूनच अ‍ॅप टीव्हीवर उतरतं. नाव करडं असेल, किंवा हे अ‍ॅप या उपकरणावर चालत नाही असं खाली लिहून आलं, तर तुम्हाला टीव्हीच्या स्टोअरने जे सांगितलं नव्हतं ते इथे कळलं.

*सावधान: शोधताना त्याच रंगाचा लोगो आणि जवळपास तेच नाव असलेली भलतीच अ‍ॅप्स येतात. खाली बनवणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय इन्स्टॉल दाबू नका, आणि लॉगिन तर मुळीच टाकू नका.*

३. देश आणि खातं

स्टोअर काय दाखवायचं हे देशावरून ठरवतं, आणि देश ते खात्यावरून किंवा टीव्हीच्या सेटिंगवरून घेतं. दुसऱ्या देशातून आणलेला टीव्ही, परदेशात उघडलेलं खातं, किंवा पहिल्या दिवशी सेटअप करताना चुकून निवडलेला देश, यातलं काहीही असेल तर अ‍ॅप स्टोअरमधून गायब असतं आणि कुठेच एरर येत नाही. म्हणून तर माणसं वैतागतात.

एलजीत सेटिंग्जमधल्या लोकेशनच्या भागात सेवांचा देश बदलता येतो, बदलला की टीव्ही स्वतः बंद होऊन चालू होतो. सॅमसंगमध्ये सपोर्टच्या भागात सेल्फ डायग्नोसिसखाली स्मार्ट हब रिसेट असतं, त्यानंतर नव्याने सेटअप करताना देश परत निवडता येतो. स्मार्ट हब रिसेट म्हणजे पूर्ण फॅक्टरी रिसेट नव्हे, चित्राची सेटिंग्ज जात नाहीत, पण अ‍ॅप्सचे लॉगिन मात्र जातात. फायर टीव्हीत देश टीव्हीवर नसून अ‍ॅमेझॉनच्या खात्यात असतो, तिथे वेबसाइटवरूनच बदलावा लागतो.

गूगलच्या बाबतीत घाई करू नका. प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, तोही तुम्ही खरंच त्या देशात असाल आणि तिथलं पेमेंटचं साधन जोडलं तरच. फॅमिली ग्रुपमध्ये असाल तर ते आणखी अडतं. अ‍ॅपलच्या खात्यात आधी उरलेली शिल्लक संपवावी लागते, चालू सबस्क्रिप्शन बंद करावी लागतात. "बदलून तर बघू" म्हणून बदलाल आणि एका अ‍ॅपसाठी बाकीची चार अडकवून बसाल.

अ‍ॅप तुमच्या देशात अधिकृतपणे सुरूच झालेलं नसेल तर मात्र हा सेटिंगचा प्रश्न उरत नाही. टीव्हीचा देश खोटा टाकून अ‍ॅप उतरेलही, पण उघडल्यावर ते तुमचा आयपी पत्ता (तुम्ही कुठल्या देशातून जोडलाय हे कळवणारा इंटरनेटचा नंबर) बघणार आणि सेवा इथे उपलब्ध नाही म्हणून हात वर करणार.

४. तारीख, अपडेट, जागा आणि राउटर

कंटाळवाणा टप्पा आहे, पण यातच खूप टीव्ही सुटतात.

रिमोटने टीव्ही बंद केला म्हणजे तो बंद झाला असं नसतं, तो झोपलेला असतो, आणि झटपट चालू होण्याचं सेटिंग असेल तर महिनोन्महिने तोच जुना सॉफ्टवेअरचा डाव चालू असतो. प्लग काढा, एक मिनिट थांबा, परत लावा. राउटरलाही तेच करा.

मग तारीख आणि वेळ. टीव्हीची तारीख चुकलेली असेल तर सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात आणि स्टोअर कोरं येतं किंवा गोल फिरत राहतं. वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्यावर ठेवा. खूप जुन्या उपकरणात याचा उलटा प्रकारही होतो: तारीख बरोबर, पण आत साठवलेलं प्रमाणपत्रच मुदतबाह्य. ३० सप्टेंबर २०२१ ला वेबसाइटना प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्यावर विसंबून होती ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं तेव्हा अपडेट न मिळालेली बरीच जुनी यंत्रं काही सेवांना जोडलीच जाईनात. इथे उपाय एकच, सिस्टीम अपडेट. ते येत नसेल तर टप्पा ९.

सिस्टीम अपडेट हातानेच तपासा, टीव्ही सांगेल म्हणून वाट बघू नका. एक अपडेट झालं की परत एकदा तपासा, कारण जुना टीव्ही पायरीपायरीने वर येतो. स्टोअरचं स्वतःचंही अपडेट असतं.

जागेचं गणित सोपं आहे. बऱ्याच स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायची छोटी उपकरणं) आणि टीव्हींमध्ये एकूण ८ जीबी असते, त्यातली बरीचशी सिस्टीमच खाते. न वापरलेली अ‍ॅप्स काढा. बाकीच्यांची कॅशे (तात्पुरता साठा) साफ करा, पण त्याच्याच शेजारचं क्लिअर डेटा दाबू नका, त्याने लॉगिन उडतं.

आणि राउटर. कोणीतरी घरात हौसेने जाहिराती अडवणारं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) लावलेलं असतं आणि ते टीव्हीच्या स्टोअरचा पत्ताच अडवून बसलेलं असतं. त्यासाठी तो हॉटस्पॉट: टीव्ही थोडा वेळ फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. तिथे स्टोअर नीट उघडलं आणि अ‍ॅप दिसलं, तर टीव्हीला हात लावू नका, दोष राउटरमध्ये आहे.

*तपासणी: इथपर्यंत येऊनही अ‍ॅप नाही, तर आता प्रश्न टीव्हीच्या तब्येतीचा नसून हे अ‍ॅप त्याला मिळणार आहे का याचा आहे. पुढचा टप्पा गाळू नका.*

५. अ‍ॅपवाल्याची यादी वाचा

प्रत्येक मोठ्या सेवेच्या मदत विभागात चालणाऱ्या उपकरणांची यादी असते. दुकानदार काय म्हणाला, खोक्यावर कुठला लोगो छापलाय, टीव्ही कंपनीच्या कॉल सेंटरने काय सांगितलं, यापेक्षा ही यादी खरी. टप्पा १ मध्ये लिहिलेलं वर्ष इथे कामाला येतं. उदाहरणार्थ डिस्ने प्लस सॅमसंगवर २०१६ च्या मॉडेलांपासून आणि एलजीवर वेबओएस ३.० पासून पुढे आहे. त्याआधीचा टीव्ही कितीही चकाचक चालत असला तरी तिथे ते येणार नाही.

काल होतं आणि आज गेलं, असंही होतं. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने जुनी जोडणी बंद केली आणि २०१२ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच टीव्ही-प्लेअरवरचं यूट्यूब गेलं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुने सॅमसंग टीव्ही आणि रोकूचे डबे सोडले. यात तुमच्या टीव्हीत बिघाड काही नसतो, त्यामुळे तंत्रज्ञ बोलावून उपयोग नाही, तो येऊन रिसेट मारून जाईल.

कधीकधी कारण निव्वळ कंपन्यांचं भांडण असतं. २०१७ संपता संपता फायर टीव्हीवरून यूट्यूबचं अ‍ॅप काढलं गेलं, ते जुलै २०१९ ला परत आलं, आणि त्याच तडजोडीत प्राइम व्हिडिओ क्रोमकास्टवर आणि अँड्रॉइड टीव्हीवर मोकळेपणाने आलं. एचबीओ मॅक्स मे २०२० मध्ये सुरू झालं पण रोकूवर यायला डिसेंबर उजाडला. असं काही चालू असेल तर तुमच्या हातात वाट बघणं किंवा दुसरं उपकरण लावणं एवढंच आहे.

यादीत तुमचं मॉडेल असेल तर ६ वर जा. नसेल तर ६ वगळा. रिसेटने यादी बदलत नाही.

६. फॅक्टरी रिसेट: फक्त याच वेळी

यादीत मॉडेल आहे, देश बरोबर आहे, अपडेट झालंय, हॉटस्पॉटवरही अ‍ॅप दिसत नाही. या चारही गोष्टींना हो असेल तरच रिसेट. आधी लॉगिन लिहून घ्या, चित्राची आणि आवाजाची सेटिंग्ज फोनने टिपून घ्या, चॅनेलची क्रमवारी लावलेली असेल तर तीही जाणार आहे हे घरातल्यांना आधीच सांगा.

आणि एक पक्कं: अचानक एका दिवशी सगळ्यांचंच बंद पडलंय असं दिसलं तर रिसेट अजिबात करायचं नाही. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट एका मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळे जगभर एकदम बंद पडली. गूगलने स्पष्ट सांगितलं होतं की रिसेट करू नका, काही दिवसांत अपडेट आलं आणि ज्यांनी नुसतं लावून ठेवलं होतं त्यांचं आपोआप सुरू झालं. घाईने रिसेट केलेल्यांना मात्र परत सेटअपच होईना, त्यांच्यासाठी वेगळी डागडुजी करावी लागली.

७. अँड्रॉइड डबा किंवा प्रोजेक्टर असेल तर परवाना बघा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे आहे. खोक्यावर अँड्रॉइड लिहिलेलं असतं, पण अँड्रॉइड आणि अँड्रॉइड टीव्ही या दोन वेगळ्या गोष्टी. कोणीही मोकळं अँड्रॉइड घेऊन डब्यात टाकू शकतो. गूगलचा परवाना असलेल्या डब्यात टीव्हीसाठीचं प्ले स्टोअर येतं, रिमोटच्या बाणांनी नीट फिरतं. परवाना नसलेल्यात एकतर प्ले स्टोअरच नसतं, कुठलंतरी दुसरंच स्टोअर असतं, किंवा फोनचं प्ले स्टोअर कोंबलेलं असतं, आणि मग रिमोटवर माउसचा बाण आणून टोचत बसावं लागतं. तो बाण दिसला की समजून जायचं. अबाउटच्या पानावर मॉडेलच्या जागी नुसतं "टीव्ही बॉक्स" असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि कंपनीचं नाव कुठेच नसतं, तीही खूणच.

त्याच्यावर आणखी एक कुलूप असतं, वाइडवाइन, म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून गूगलने बनवलेली सोय. यात एल१ असेल तर एचडी आणि ४के मिळतं, एल३ असेल तर बहुतेक सेवा साध्या दर्जाचंच चित्र देतात. डीआरएम इन्फो नावाच्या अ‍ॅपने ही पातळी बघता येते. आणि नेटफ्लिक्सची तर स्वतःची वेगळी मान्यता असते, त्यामुळे गूगलचा परवाना आहे, वाइडवाइन एल१ आहे, तरी नेटफ्लिक्स स्टोअरमध्ये नाही, असे प्रोजेक्टर ढिगाने आहेत. अशा प्रोजेक्टरशी भांडत बसू नका. त्याला एचडीएमआय पोर्ट असतो, तिथे स्टिक लावा.

८. एपीके टाकायचंच असेल तर

आधी हे बघा की सिस्टीम अँड्रॉइडवाली आहे का. टायझेन, वेबओएस, रोकू, टीव्हीओएस (अ‍ॅपल टीव्हीची सिस्टीम) यांवर एपीके चालत नाही, पेनड्राइव्ह कितीही वेळा लावा. फायर टीव्हीतही २०२५ पासून काही नव्या स्टिक वेगा ओएस या अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या सिस्टीमवर येतात, जशी ४के सिलेक्ट, त्यात अँड्रॉइड नाही, म्हणजे एपीके नाही.

अँड्रॉइडवाली असेल तर टीव्हीसाठी बनलेलीच फाइल हवी. फोनची फाइल टाकली तर ती बसेल, पण होम स्क्रीनवर चिन्हच येणार नाही, कारण टीव्हीचा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर) फक्त टीव्हीसाठी नोंद असलेली अ‍ॅप्स दाखवतो. लोकांना वाटतं इन्स्टॉल झालंच नाही आणि ते परत परत टाकत राहतात. सेटिंग्जच्या अ‍ॅप्स यादीत बघा, ते तिथे असतं. तिथून उघडलंत तरी रिमोटने अर्धी बटणं पकडत नाहीत, आणि पैसे देऊन बघायच्या सेवांचं चित्र बरेचदा येतच नाही.

माझं मत विचाराल तर सबस्क्रिप्शनच्या सेवांसाठी या भानगडीत पडू नका. सेवेने स्वतःच्या साइटवर टीव्हीची फाइल दिली असेल तरच टाका. अज्ञात स्रोताची परवानगी ज्या फाइल मॅनेजरला दिली ती काम झालं की काढून घ्या.

*सावधान: फुकटात सगळं दाखवणारी अ‍ॅप्स आणि आधीच ती भरून येणारे डबे घरात आणू नका. २०२३ मध्ये काही स्वस्त अँड्रॉइड डब्यांत कारखान्यातूनच मालवेअर आलेलं सापडलं होतं, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या अशाच मालवेअर भरलेल्या उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. डबा सेटअपच्या वेळी प्ले प्रोटेक्ट (गूगलची मालवेअर तपासणी) बंद करायला सांगत असेल तर तिथेच थांबा, प्लग काढा.*

९. कास्ट, केबल, नाहीतर वेगळी स्टिक

टीव्हीत अ‍ॅप नाही, मिळणारही नाही, हे पक्कं झालं की मग हे तीन रस्ते.

कास्ट आणि मिररिंग यातला फरक समजून घ्या. कास्टमध्ये फोन फक्त पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून घेतो, म्हणून फोनची बॅटरी खात नाही आणि चित्र चांगलं येतं. मिररिंगमध्ये फोनची स्क्रीन जशीच्या तशी पाठवली जाते, आणि तिथे बऱ्याच सेवा चित्र अडवतात: आवाज येतो, सबटायटल येतात, मधला भाग काळा. हा बिघाड नाही, डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) आहे, सेटिंग बदलून जाणार नाही. म्हणून अ‍ॅपच्या आतलं कास्टचं किंवा एअरप्लेचं चिन्ह शोधा, फोनच्या वरच्या पट्टीतलं स्क्रीन शेअर नको.

केबलने जोडायचं असेल तर लॅपटॉप सगळ्यात बिनघोर. फोनला टाइप-सी आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही, बऱ्याच फोनमध्ये त्या पोर्टमधून फक्त चार्जिंग आणि डेटा. अडॅप्टर विकत घ्यायच्या आधी फोनच्या माहितीत डिस्प्ले आउटपुट लिहिलंय का बघा.

तिसरा रस्ता म्हणजे वेगळी स्टिक किंवा डबा. खरं सांगायचं तर जुन्या टीव्हीसाठी हाच टिकाऊ इलाज आहे, पडदा दहा वर्षं चालतो पण त्यातलं सॉफ्टवेअर त्याच्या निम्म्या वेळात म्हातारं होतं. जोडताना मात्र याच चुका होतात.

पहिली वीज. टीव्हीच्या यूएसबीतून स्टिकला पॉवर देऊ नका, तिथला करंट बरेचदा पुरत नाही, मग स्टिक मध्येच बंद होऊन चालू होते आणि लोक स्टिकलाच शिव्या देतात. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा.

दुसरी जागा. टीव्हीच्या मागे, गरम पॅनेलला चिकटून, धातूच्या आड बसलेल्या स्टिकला वायफाय नीट मिळत नाही आणि ती तापते ती वेगळीच. खोक्यात जो बोटभर लांबीचा एचडीएमआय एक्स्टेंडर असतो तो याचसाठी आहे, फेकू नका.

तिसरी पोर्ट. ४के हवं असेल तर टीव्हीचा तो पोर्ट आणि मधलं प्रत्येक यंत्र एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरून नक्कल रोखणारी सोय) मानणारं हवं. जुना ऑडिओ रिसीव्हर किंवा स्वस्त स्प्लिटर मध्ये असेल तर चित्र खालच्या दर्जाचं येतं किंवा येतच नाही. स्टिक सरळ टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीच्या एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआय) पोर्टमधून रिसीव्हरला पाठवा. आणि टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करा, म्हणजे एकाच रिमोटवर भागतं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.

स्टिक लागली की टीव्हीला वायफायवरून काढून टाकलं तरी चालतं. उलट बरं, दोन होम स्क्रीनमध्ये घरातली मोठी माणसं हरवत नाहीत.

१०. नवं उपकरण घ्यायच्या आधी

घरात नेमक्या कोणत्या सेवा बघितल्या जातात त्याची यादी आधी करा, आणि प्रत्येकीच्या मदत विभागात त्या नेमक्या मॉडेलचं किंवा सिस्टीमचं नाव शोधा. एकही सेवा "लवकरच येईल" या भरवशावर धरू नका. दुकानात मांडलेल्या टीव्हीवर स्टोअर उघडून तिथेच शोधून बघता येतं, विक्रेत्याने रिमोट दिला नाही तर मागून घ्या. रिमोटवर नेटफ्लिक्सचं बटण आहे म्हणजे बाकीची सगळी आहेत असा अर्थ होत नाही, त्या बटणामागे कंपन्यांचा आपसातला करार असतो, बाकीच्या अ‍ॅप्सशी त्याचा संबंध नाही. प्रोजेक्टर घेत असाल तर आतल्या अ‍ॅप्सकडे दुर्लक्ष करून दोन गोष्टी बघा: एचडीएमआय पोर्ट मोकळा आहे का, आणि त्याच्या शेजारी स्टिकच्या अडॅप्टरसाठी प्लग पोचतो का.